गार चाय पे चर्चा

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांना आमची काळजी वाटू लागते. कुठलं सरबत पोटाला बरं, टरबूज जेवणाआधी खावं की नंतर, वगैरे. अलीकडे त्यात एक नवं पीक आलं आहे : घरच्या घरी गारेगार आइस्ड मसाला चहा. सोबत फोटो असतो. उंच काचेचा ग्लास, त्याच्या अंगावर घामाचे थेंब, आत बर्फाचे खडे आणि वर पुदिन्याचं एकच पान. शेजारी पांढराशुभ्र पडदा वाऱ्यावर हलत असतो. तो पडदा पाहूनच ओळखावं की ही खिडकी यवतमाळ जिल्ह्यातली नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता जो खिडकी उघडी ठेवतो, त्या माणसाची घरचे लोक आधी कपाळाला हात लावून चौकशी करतात.

कृती सोपी आहे म्हणे. पाणी दोन कप, दूध एक कप, चहापत्ती, अद्रक, वेलची, साखर आणि बर्फ आवडीप्रमाणे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, यवतमाळात आवडीप्रमाणे मिळतं ते फक्त ऊन, तेही आवड नसताना.

पाण्यापासूनच सुरुवात करू. यवतमाळ शहराची तहान निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर. २०१८ च्या टंचाईत या धरणांनी तळ दाखवला तेव्हा नळाची तारीख लोकांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ होती. टँकरवाल्याला 'दादा' म्हणण्याची पद्धत त्या उन्हाळ्यात पक्की झाली. मग बेंबळा धरणावरून पाणी आणायचं ठरलं. योजनेचं नाव अमृत. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, कारण अमृतही सहजासहजी कुणाला मिळालं नव्हतं, आधी बराच खल झाला होता. पुढे मार्च २०२३ मध्ये शहरात जमिनीखालची जलवाहिनी फुटली आणि वरचा डांबरी रस्ताच हवेत उडाला. कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. देशाला आश्चर्य वाटलं ते रस्ता उडाल्याचं. आम्हाला वाटलं ते जलवाहिनीत एवढं पाणी असल्याचं.

तर असं हे पाणी घरात आलं की त्याचा मानपान ठरलेला असतो. पहिला मान कूलरचा. वाळ्याच्या ताट्या भिजल्या नाहीत तर कूलर थंड हवा देत नाही, बाहेरची झळ विजेचं बिल लावून आत आणून देतो. म्हणून माणूस एक वेळ तहानलेला चालतो, कूलर चालत नाही. त्याच्यानंतर माठ. मग सासऱ्यांची आंघोळ, मग भांडी, मग तुळस. या रांगेत बर्फाचा ट्रे कुठे बसवायचा हा घरोघरचा राजकीय प्रश्न आहे, आणि तो बसवलाच तरी पुढे लाईन असते. लाईन म्हणजे वीज. ती गेली असं आम्ही म्हणतो, कारण ती येण्याचं कौतुक वेगळं करावं लागतं. पंचेचाळीस अंशांत आमचा फ्रीज दिवसभर घरघर करून जे काही कमावतो, ते दुपारच्या दोन तासांच्या लोडशेडिंगमध्ये गमावतो. बर्फ जमतो तो रात्री, आणि सकाळपर्यंत त्याला शेजारच्या पिशवीतल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास लागलेला असतो. मसाला चहात सांभार चालतो का, यावर पुरवण्या मौन बाळगून आहेत.

तरीही घरात फोटो पोचला की माघार नाही. आमच्याकडेही पोचला. आणि कबूल केलं पाहिजे की पुरवणीतल्या बाईंनी ज्या गोष्टी लिहिल्या नव्हत्या, त्या स्वयंपाकघरात लगेच लक्षात आल्या. अद्रक आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यावं लागतं. कच्च्या अद्रकाच्या रसात दूध फाडणारा घटक असतो, उकळीने तो निकामी होतो. घाई केली की चहाऐवजी पनीर हाती येतं, आणि मग ते पनीर मुद्दामच केलं होतं असं सांगावं लागतं. साखर गरम असतानाच टाकायची, नाहीतर ती गार चहात तळाशी बसून राहते आणि शेवटच्या घोटात सगळी एकदम भेटते. पत्ती दुप्पट हवी, कारण बर्फ वितळून चहाचं पाणी करतो. त्याहून शहाणपणाचं म्हणजे थोडा चहाच ट्रेमध्ये ओतून त्याचे खडे करावेत, म्हणजे खडा वितळला तरी चहात चहाच मिसळतो. कोरा कडक चहा गार झाला की गढूळ दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहातली तुरट द्रव्यं आणि कॅफिन थंडीत एकमेकांना बिलगतात एवढंच. मसाल्यात लवंग-मिऱ्याचा हात आखडता घ्यावा, वेलची, बडीशेप आणि परसातला गवती चहा मोकळ्या हाताने घालावा. इतकं सगळं केलं तर लागतो बरा. खोटं कशाला बोला.

अडचण चवीची नाहीच. अडचण इभ्रतीची आहे. आमच्याकडे पाहुण्याला गार चहा देणं म्हणजे 'तुम्ही उठलं तरी चालेल' असं सांगणं. ओळखीतल्या एका घरी सोयरिकीच्या बैठकीत, मुंबईहून सुट्टीला आलेल्या मावशीने हौसेने हे ग्लास फिरवले. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी ग्लास हातात घेतला, तळव्याला गार लागल्याबरोबर दुसऱ्या हातात घेतला, मग टीपॉयवर ठेवला आणि अत्यंत सभ्यपणे आतल्या खोलीच्या दिशेने म्हणाले, "च्या थंडा झाला जी. भाऊले गरम करून द्या ना." मावशीने समजावलं की हा असाच असतो, शहरात याचे दोनशे रुपये घेतात. यावर बैठकीत जी शांतता पसरली, ती मुलीच्या शिक्षणाच्या प्रश्नावरही पसरली नव्हती. मुलाच्या आईने शेवटी विचारलं, "दोनशे रुपये घेऊन बी गरम नाई करून देत?"

आता दोनशे रुपयांचा हिशोब. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे भारतीय चहाच्या प्रचारासाठी रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे साहेब मांडव टाकून बसले होते. उन्हाळा कडक, गरम चहाकडे कुणी फिरकेना. साहेबांनी चहा बर्फावरून गार करून वाटला आणि तिथे झुंबड उडाली. अमेरिकेत गार चहा त्याआधीही होत असे, त्याची कृती १८७९ च्या एका पाकपुस्तकात छापलेली आहे, पण डंका वाजला तो या प्रदर्शनात, आणि तो आपल्या मळ्यांतल्या पत्तीचा. आज अमेरिकेत चहा म्हणजे बहुतेक करून गारच. आणि सव्वाशे वर्षांनी तो तिकडून फिरून, वर पुदिन्याचं पान लावून, आपल्याला शिकवला जातो आहे.

यवतमाळकराला यात नवल वाटत नाही. त्याचा कापूस हेच करतो. बोंडातून निघतो, जिनिंगमध्ये सरकी सोडतो, गाठ होऊन रेल्वेत बसतो आणि दोन-चार वर्षांनी छातीवर इंग्रजी मजकूर घेऊन टी-शर्टच्या रूपात आर्णी रोडवरच्या दुकानात परत येतो. पिकवणारा भावासाठी घासाघीस करतो, दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा हरतो.

टपरीवाल्याला मात्र या साऱ्याचं सोयरसुतक नाही. भर दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, त्याच्या पातेल्याभोवती तोंडाला दुपट्टे गुंडाळलेली माणसं उभी असतात. दुपट्टा हनुवटीखाली ओढायचा, कट मारायचा, दुपट्टा पुन्हा वर. त्याला मी गार चहाची कल्पना सांगितली. त्याने गाळणं आपटत उत्तर दिलं, "थंडं पायजे तं ताक प्या ना भाऊ. च्या काऊन बिघडवता?" हा अडाणीपणा समजू नये. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली प्रयोग करून त्याचीच बाजू उचलून धरली : गरम पेयाने घाम जास्त सुटतो, आणि तो घाम पूर्ण उडून गेला तर शरीरात उष्णता उलट कमी साठते. अट एकच, हवा कोरडी हवी. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच ओघळतो, तिथे हे चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात घाम फुटायच्या आधीच वाळतो. म्हणजे ज्या तत्त्वावर माठ आणि कूलर चालतात, त्याच तत्त्वावर आमचा टपरीवाला चालतो, आणि तोही विजेशिवाय.

पण यवतमाळ जिल्ह्याला गार चहा माहीतच नाही, असं कुणी म्हटलं तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. तो आमच्याकडे मुरलेला आहे. आर्णी तालुक्यातलं दाभडी. तारीख २० मार्च २०१४. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री आणि पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी तिथे कापूस उत्पादकांबरोबर 'चाय पे चर्चा' करायला आले होते. चहा उकळता होता, मसाला सढळ होता. शेतीमालाचा भाव होता, आणि त्या काळात गाजलेलं शेतापासून धागा, धाग्यापासून कापड, कापडापासून फॅशन आणि फॅशनपासून परदेश हे सूत्रही होतं. वास इतका दरवळला की दाभडीचं नाव देशाला कळलं. मग कृतीत लिहिल्याप्रमाणे चहा बाजूला ठेवला, निवण्यासाठी. पुरवणीवाले चार तास सांगतात. आम्ही वर्षांत मोजतो.

एकट्या त्यांना बोल लावणं बरोबर नाही. त्याआधी जुलै २००६ मध्ये मनमोहन सिंग विदर्भात आले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज ठेवून गेले होते. तेही गावात पोचेपर्यंत कोमट होतं. मोदीही नंतर आले : फेब्रुवारी २०१९ मध्ये पांढरकवड्याला, फेब्रुवारी २०२४ मध्ये यवतमाळजवळ, किसान सन्मान निधीचा १६ वा हप्ता सोडायला. फेब्रुवारी, मार्च, जुलै. दिल्लीच्या पाहुण्यांना आमच्या हवामानाचा अभ्यास नाही, असं कोण म्हणेल? विरोधी पक्षाचे लोकही अधूनमधून दाभडीला जातात, तोच जुना चहा पुन्हा चुलीवर ठेवतात, एक उकळी आणतात, फोटो काढतात आणि पातेलं तसंच सोडून निघतात.

आकडे मात्र गार नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये क्विंटलला ४,०५० रुपये होता, २०२५-२६ साठी तो ८,११० झाला. दुप्पट. फक्त तो घेण्यासाठी सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नोंदणी लागते आणि कापसातला ओलावा मोजून घ्यावा लागतो. ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव उतरतो, १२ च्या वर गेला की गाडी परत. वर्षभर नळात आणि हवेत न सापडणारा ओलावा त्या दिवशी कापसात नेमका सापडतो. गाडी मग व्यापाऱ्याच्या दारात जाते, जिथे ओलावा मोजत नाहीत, गरज मोजतात. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमची बोंडं अजून हिरवी असताना, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं गेलं आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. फॅशनपासून परदेशात जायचा जो रस्ता ठरला होता, त्यावर समोरूनच गाड्या येताना दिसल्या.

तेव्हा पुढच्या उमेदवारांना एक फुकटचा सल्ला. इथलं लोकसभेचं मतदान मागच्या खेपेला एप्रिलमध्ये झालं होतं, पुढेही उन्हातच होईल. अशा वेळी तुमचे शहरातले प्रचार-सल्लागार सुचवतील की यंदा काहीतरी नवं करू, मतदाराला गारेगार मसाला चहा पाजू. चुकूनही ऐकू नका. गरम चहात तुमचा फायदा आहे. कप धरवत नाही, फुंकर मारावी लागते, बशीत ओतावा लागतो, जीभ पोळली की माणूस बोलत नाही, आणि तेवढ्यात तुमचं भाषण उरकून जातं. गार चहा दाभडीचा शेतकरी एका दमात पिईल, ग्लास खाली ठेवील आणि विचारील, "हं, बोला. कापसाचं काय?"