लवचिक वकिली, ताटकळते अशील

तंत्रज्ञानामुळे वकिलीचा व्यवसाय लवचिक झाला, असे जे सांप्रत सर्वत्र उच्चरवाने सांगण्यात येते, त्यात आम्हांस एवढीच नम्र दुरुस्ती सुचवावीशी वाटते की, हा व्यवसाय मुळातच लवचिक होता. तंत्रज्ञानाने त्या लवचिकतेवर फक्त सरकारी शिक्का मारला. एकाच वेळी दोन न्यायालयांत कामावर असणे आणि प्रत्यक्षात बाररूममध्ये चहा घेत बसणे, ही सिद्धी तालुक्याच्या वकिलांना संगणक येण्यापूर्वीच साध्य झालेली होती. "साहेब वरच्या कोर्टात गुंतले आहेत," हे त्यांच्या कारकुनाचे वाक्य म्हणजे त्या काळचे नेटवर्कच होते, आणि तेही ऐन पुकाऱ्याच्या वेळीच जात असे.

6 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद 142 खालील अधिकार वापरून पडद्यावरील सुनावणीस अधिष्ठान दिले आणि मे महिन्यात काळा कोट व गाऊन यांना तात्पुरती रजा देऊन पांढरा सदरा व गळपट्टी एवढ्यावर भागवून घेतले. कॅमेऱ्याची नजर छातीच्या खाली उतरत नसल्याने उर्वरित पोशाखाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकावर राहिला. परंतु त्याच एप्रिलमध्ये राजस्थान उच्च न्यायालयापुढे एक वकील चक्क बनियनवर प्रकटले, तेव्हा न्यायमूर्तींनी योग्य ती नाराजी नोंदवून प्रकरण पुढे ढकलले. अर्ज जामिनाचा होता. म्हणजे सदरा घातला नाही वकिलाने, आणि लांबला तो अशिलाचा जामीन! लवचिकतेचे सारे अर्थशास्त्र या एका तारखेत सामावलेले आहे.

हा न्याय केवळ आपल्याच मुलखाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात विमानातील ट्रॉली गुडघ्यास लागल्याबद्दल एका प्रवाशाचा दावा चालला. त्याच्या वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून जे दाखले मागवून घेतले, ते कोणत्याही न्यायालयाने कधीच दिलेले नव्हते. 2023 मध्ये वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला आणि दावा मुदतबाह्य ठरून फेटाळला गेला. आमच्याकडील जुने ज्युनिअर निदान रात्रभर जागून खरे दाखले शोधीत आणि ते उलट पक्षाच्या बाजूचे निघाले, तर सकाळी मुकाट्याने लपवीत. त्यांच्या परिश्रमाविषयी आज आदर वाटू लागतो.

बेलिफाच्या बाबतीत मात्र प्रगती निर्विवाद आहे. "घरास कुलूप, इसम गावी नाही," हा त्याचा पिढीजात शेरा 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढला. व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस पोहोचली आणि उघडलीही गेली, असे दिसल्यावर ती बजावली गेल्याचे मान्य करण्यात आले. प्रतिवादी अशा रीतीने खिशातल्या खिशात सापडू लागला, आणि निळी खूण बंद कशी करावी हे नातवाला विचारू लागला.

राहता राहिला अशील. ई-कोर्टाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 2023 साली केंद्र सरकारने 7,210 कोटी रुपये मंजूर केले आणि पुढील तारीख त्याला मोबाइलवर दिसते, हे खरे. तरी तो सातबाऱ्याचे उतारे आणि भाकरी एकाच पिशवीत घालून पहाटेच्या एस.टी.ने येतो, व्हरांड्यातील बाकावर बसतो, आणि दुपारी आतल्या पडद्यावर आपल्या वकिलांना मोटारीच्या मागच्या आसनावर, कोट चढविलेल्या स्थितीत, ओठ हलविताना पाहतो. आवाज तेवढा येत नाही. सुनावणी तहकूब होते. पडद्यांच्या या सुकाळातही कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी दशकानुदशके चालविलेली मागणी सोडली नाही आणि 18 ऑगस्ट 2025 पासून निदान सर्किट बेंच तरी पदरात पाडून घेतले. न्यायालय चार भिंतींचे आणि हाकेच्या अंतरावरचे असावे, असे अशिलास का वाटते, हे त्या बाकावर अर्धा दिवस काढल्याखेरीज उमगणार नाही.

सबब विनंती अर्ज असा की, ज्या दिवशी वकिलाचे नेटवर्क जाईल, त्या दिवशीचे अशिलाचे एस.टी. भाडे आणि बुडालेली मजुरी वकिलाच्या फीतून वळती करण्यात यावी. एवढा हुकूम होईल, तर सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात नेटवर्क पुन्हा म्हणून जाणार नाही, असे प्रतिज्ञापत्र करून देण्यास आम्ही राजीखुशीने तयार आहोत.