सनवाले काका

जयपूरला निघालेल्या प्रत्येक मराठी टूरबसमध्ये एक सनवाले काका असतातच. निवृत्त, कानटोपी, खिशात चिमुकली वही. आमच्या बसमधल्या काकांनी झी टीव्हीवरची ‘जोधा अकबर’ २०१३ ते २०१५ अशी सगळी पाहिली, ती निव्वळ चुका काढायला. काकूंना पुढे काय होणार याची काळजी, तर काकांना मागे काय झालं होतं याची.

आमेरच्या गणेशपोळपाशी गट फोटोला उभा राहिला आणि काका सुरू झाले. “मुळात जोधा हे नावच चूक! राजा भारमलची मुलगी अकबराला दिली ती १५६२ साली, सांभरला. अबुल फजलच्या अकबरनाम्यात जोधा नाहीच. जोधाबाई म्हणजे मारवाडची, जहांगीरची बायको. सुनेचं नाव सासूला चिकटवलंय!”

“सासूच ती, घेतलं असेल,” पदर सारखा करत काकू म्हणाल्या.

शीशमहालात काकांना आणखी चेव आला. “हा मिर्झाराजे जयसिंगांचा. ते गादीवर आले १६२१ला. जोधाला इथल्या आरशात बघून टिकली लावायची, तर साठेक वर्षं ताटकळावं लागलं असतं.” मागची मंडळी पाण्याच्या बाटल्या उघडू लागली. काकांचं चुकत काहीच नव्हतं, आणि तेच तर सहन होत नव्हतं.

गंमत अशी, की अकबराच्या बाबतीत एका सालाचाही घोळ न खपवणारे काका मिर्झाराजांचं नाव निघालं की थेट वर्तमानकाळात शिरतात. पुरंदरचा तह जणू परवाच सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाला.

जौहरी बाजारात काकू जयपुरी रजई बघत होत्या. दुकानदार काही केल्या भाव उतरवेना. काका पुढे सरसावले.

“देखो भैया, तुमारे जयपूर के राजाने १६६५ में हमारे तेवीस किल्ले लिये. और तुम दोनसौ रुपया कम नहीं करता?”

दुकानदाराने रजईची घडी मोडू न देता उत्तर दिलं, “साहब, तब जयपुर था कहाँ? सवाई जयसिंह ने १७२७ में बसाया. आपका हिसाब आमेर से है, वहीं कर आते.”

काकूंनी मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले. रजई काकांच्या हातात देत म्हणाल्या, “लिहून घ्या हो वहीत,” आणि शेजारच्या लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्या.