बिदरी हुक्का : साहित्य आणि कृती

वाढणी : एका नवाबास पुरेल.

हुक्का ओढता आला पाहिजे असं नाही. असद बेगने 1604च्या सुमारास विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवली, तेव्हा अकबरालाही ओढता येत नव्हता. पुढे मात्र शे-दोनशे वर्षं दख्खनच्या कारागिरांना हुक्क्याच्या बुडातून डोकं वर काढायला फुरसत मिळाली नाही. आपणही बूडच करू.

साहित्य : जस्त 16 भाग, तांबं 1 भाग, चांदीची तार आणि पत्रा ऐपतीप्रमाणे, एरंडेल, राळ, मोरचूद, नवसागर, खोबरेल आणि माती. माती कुठली ते पुढे सांगतो. आत्ताच सांगितलं तर कुणी भट्टी पेटवणार नाही.

जस्त 419 अंशांना वितळतं आणि 907ला उकळून चक्क उडून जातं. तांबं वितळायला 1085 अंश लागतात. म्हणजे तांबं वितळायची वाट बघत बसलात, तर जस्त केव्हाच खिडकीबाहेर. पण घाबरू नका. खडीसाखर चहात विरघळते तसं तांबं पातळ जस्तात सावकाश विरघळतं. पांढरा धूर दिसला की आच जास्त झाली असं समजा. तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग करू नये. ताप सेक्रेटरींना आधी येतो.

साच्याची माती एरंडेल आणि राळ घालून पुरणपोळीच्या कणकेइतक्या निगुतीनं मळा. सतराव्या शतकातला थाट हवा असेल तर बूड गोल ठेवा, अठराव्यातला हवा असेल तर घंटेसारखं. थंड झाल्यावर साच्यातून एक करडी, खरबरीत, अगदीच बापुडवाणी वस्तू निघते. कानशीनं घासून ती गुळगुळीत करा आणि मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवा. बूड काळं होईल. इथे नवशिके टाळ्या वाजवतात. वाजवू नयेत. हा काळा रंग खोटा आहे, रेघ दिसावी एवढ्यापुरता. शाळेतली पाटी समजा.

आता पाटीवर नक्षी कोरा, हातानंच. वेल, अफूची फुलं, अशरफीची बुटी, काय वाटेल ते. रेघ चुकली तर तिथे आणखी एक पान काढा. चुकत गेलात तर बूड भरगच्च दिसेल आणि लोक वाखाणतील. मग कलमानं खाच पाडायची, पण सरळ नाही. खाचेच्या कडा आतून किंचित खोदलेल्या हव्यात. तार बसवून हलक्या हातानं ठोकली की चांदी पसरते आणि त्या कडांखाली शिरून बसते. डाख नाही, गोंद नाही. तार बसवली तर तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान. दोन्हींत बोट मात्र तुमचंच ठेचतं.

सगळी चांदी बसली की संपूर्ण बूड पुन्हा कानशीनं घासा. खोटा काळा रंग जातो आणि त्याबरोबर नक्षीही. खाली करडं जस्त, वर पांढरी चांदी, दोन्ही एकाच रंगाची. इतके दिवस पाठ मोडून केलेलं काम तुमचं तुम्हाला दिसत नाही. उजेडाकडे तिरकं धरलं तर कुठे एखादं पान लकाकतं, तेवढंच. या टप्प्यावर घरचे विचारतात, "अजून सुरुवात नाही का केली?"

आता माती. ती बिदरच्या किल्ल्यातली लागते, जुन्या बांधकामांच्या आत वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. उदगीरहून बिदर फार लांब नाही. गेलात तर रंगीन महाल बघून घ्या : काळ्या दगडात शिंपल्याची नक्षी. धातूत जे करायला निघालात ते तिथे दगडात करून ठेवलंय, हे बघून थोडं वाईट वाटेल. माती निवडायची पद्धत अशी, की चिमूटभर जिभेवर ठेवायची. जाणकार कारागीर चवीवरून सांगतो, ही चालेल, ती नाही. म्हणून पाककृतीत लिहायचं तर : माती चवीनुसार.

ती नवसागर घालून पाण्यात उकळा. बूड जरा तापवून त्यात सोडा. थोड्याच वेळात जस्ताची जमीन काळीकुळकुळीत होते. चांदीला त्या पाण्याचं काही देणंघेणं नसतं. ती होती तशीच राहते आणि हरवलेली वेल एकदम उठून येते. वर खोबरेलाचा हात फिरवा. काळेपणाला खोली येते.

निगा : मऊ कोरड्या फडक्यानं पुसावं. आंबट काही लावू नये. मी बिदरहून एक छोटी डबी आणली होती. दिवाळीच्या साफसफाईत आईनं ती तांब्याच्या कळशीबरोबर चिंचेनं खसखसून घासली, धुऊन उन्हात पालथी घातली आणि मला म्हणाली, "एवढी चांगली चांदी, किती काळी पडू दिली होतीस रे!"