चिलटे सर

निंबर्ग्यात त्यांना लहानथोर सगळे चिलटे सर म्हणतात. खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली सुरू झालं, तिथल्या सुरुवातीच्या तुकड्यांत सर एम. एस्सी. झाले. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली फळमाशीची, म्हणजे सडक्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटाची गुणसूत्रं पाहिली आणि माणूस जो तिथं अडकला तो अडकलाच. पुढं हायस्कुलात हयात गेली, पण बेडूक, गांडूळ, झुरळ यांना सरांनी कायम सावत्र वागवलं.

विषय कुठलाही काढा, तिसऱ्या वाक्याला गाडी माशीवर. मे महिन्यात पारा ४२च्या पुढं गेलेला असतो. हॉटेलात सुसला-मिरची भजी खाता खाता कुणी सहज म्हणतं, "सर, औंदा ऊन लई हाय की."

"तुम्हाला लई हाय. माशीला विचारलंत?"

झालं. सुसला गार होतो, सर तापतात. १९७८ साली युरोपातली ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा ही माशी दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या प्वेर्तो माँटला सापडली. १९८२ साली तीच उत्तर अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात. आणि थोड्याच वर्षांत दोन्हीकडं तिनं युरोपातलीच मांडणी उभी केली: उबेकडच्या मुलखात एका तऱ्हेची गुणसूत्रं जास्त, थंडीकडं दुसऱ्या तऱ्हेची. "कुणी सांगितलं होतं तिला? नकाशा होता तिच्याकडं?" सर टेबलावर हात आपटतात. कपातला चहा बशीत उतरतो.

गुणसूत्राची तऱ्हा म्हणजे काय, हे सांगायला सर शेतात शिरतात. गुणसूत्राचा मधला तुकडा तुटतो, उलटा होतो आणि परत तिथंच चिकटतो. जनुकं तीच, क्रम उलटा. असा तुकडा सरळ तुकड्याच्या जोडीला आला, की पुढच्या पिढीसाठी त्या दोघांत जनुकांची अदलाबदल जवळजवळ थांबते. "न वाटलेली जमीन समजा. वाटणी झाली की एकाला विहीर, दुसऱ्याला खडक. एकत्र राहिली तर विहीर, बांध, आंबा, सगळं एका सातबाऱ्यावर. उन्हात तगवणारी जनुकं अशी एका गठ्ठ्यात राहिली, की गठ्ठाच्या गठ्ठा पोरांकडं जातो." दाखला नामी होता. फक्त समोर बसलेल्या दोघा भावांची वाटणीची केस आळंदच्या कोर्टात चालू होती. दोघं दोन दारांनी उठून गेले.

घरी पडवीत जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि शेजारी बाटल्यांत सडतं केळं. बाटलीच्या काचेवर चढलेली लठ्ठ अळी सर नेमकी हेरतात. थेंबभर खारट पाण्यात तिला ठेवून एक सुई तोंडापाशी, एक मधोमध, आणि अलगद ओढ. लाळग्रंथींची पारदर्शक जोडी बाहेर येते. मग ऑर्सीनचा लालसर थेंब, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याचा दाब. दाब कमी पडला तर गुणसूत्रांचा गुंता, जास्त झाला तर चेंदा. आईकडून सरळ तुकडा आणि बापाकडून उलटा आला असेल, तर दोन्ही जुळताना पट्ट्यापट्ट्यांचं वेटोळं पडतं. ते दिसलं की सर ओरडतात, "आलं, आलं!"

"चहात घातलंय," काकू आतून सांगतात. सत्यनारायणाला आणलेल्या केळ्यांतली दोन बाटलीत गेल्यापासून त्या केळी कुलपात ठेवतात.

सरांचा हुकमी पुरावा २००६चा, 'सायन्स' नियतकालिकातला. तीन खंडांतली २६ ठिकाणं पाहिली. २२ ठिकाणी हवा तापली होती, आणि त्यातल्या २१ ठिकाणी उबेकडची गुणसूत्रं वाढली होती. उरलेल्या एका ठिकाणावर सर अजून नाराज आहेत.

स्वतः सर मात्र डिसेंबर लागला की कानटोपी आणि एप्रिलमध्ये डोक्यावर ओला पंचा. पोरानं हौसेनं पुण्याला नेलं, तर आठवड्यात परत. हवा मानवेना. हॉटेलवाल्या अण्णांनी टोचलं, "सर, माशी चिलीत जाऊन रुळली, तुमास्नी पुणं जमंना व्हय?"

सर अजिबात वरमले नाहीत. "माशी कुठं रुळते? उन्हाला जी तगत नाही ती मरते. जी तगते तिची पिलावळ वाढते. काही आठवड्यांत नवी पिढी. बदलतो तो वंश, माशी नव्हे. मी मरणाऱ्यांतला आहे, मला कशाला बोलता?"

अण्णा क्षणभर गप्प झाले, पण गिऱ्हाईक नव्हतं. "आन् आपल्याकडची माशी वो?"

इथं सरांचा आवाज जरा खाली आला. आपल्याकडं घरात, फळबाजारात ड्रोसोफिला अननासी. बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह यांनी ती देशभरातून गोळा केली. तिच्यात जगभर आढळणारे तीन उलटे तुकडे आहेत, त्यांचं प्रमाण मुलखागणिक वेगळं. पण बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोजलं तरी ते प्रमाण फारसं हललेलं नव्हतं.

"म्हंजे आपल्याच वळणाची हाय की!" अण्णा म्हणाले.

सरांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. "निंबर्ग्याची कुणी मोजलीय? उद्यापासून केळ्याच्या साली टाकू नका. माझ्यासाठी ठेवा."