पहिलं पाऊल आणि पदक

मूल वर्षाच्या आत चालायला लागलं की दोन गोष्टी घडतात. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि कुणीतरी काका खाली लिहितात, 'पोरगा खेळाडू होणार!' इथवर ठीक आहे, कौतुकाला हिशेब लावू नये. पण त्याच ग्रुपवर आणखी एक आई असते. तिचं बाळ चौदा महिन्यांचं आहे, अजून सोफ्याला धरून उभं राहतं, आणि तो व्हिडिओ पाहिल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई विचारतात, 'नाचणीचं सत्त्व नीट देतेस ना?' आणि संध्याकाळी घरात वॉकर येतो. माझं भांडण त्या काकांशी आहे. त्यांचं भाकीत खोटं आहे आणि त्याची किंमत भलतंच कुणीतरी मोजतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली बाळांच्या हालचालींचे टप्पे जाहीर केले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली निरोगी बाळं त्यासाठी पाहिली होती. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. आधाराशिवाय चालण्याचं सरासरी वय निघालं १२ महिन्यांच्या आसपास. पण सरासरी सोडा, पट्टा बघा: ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं बाळही ठणठणीत आणि सतराव्यात चालणारंही ठणठणीत. आणि काही मुलं गुडघ्यांवर रांगतच नाहीत, ढुंगणावर सरकत पुढे जातात आणि सावकाश उठतात. तीही बरोबरच असतात.

आता काकांचा मुद्दा. लवकर चालणारं मूल पुढे मैदान मारतं का?

झुरिकच्या बालरुग्णालयात ऑस्कर येनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२२ निरोगी मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. पहिल्या दोन वर्षांत टप्पे नोंदवले आणि मग ७ ते १८ वर्षांच्या वयात त्यांच्या हालचाली आणि बुद्धी पुन्हा पुन्हा तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आला. जी मुलं लवकर चालली, ती पुढे ना जास्त चपळ निघाली, ना जास्त हुशार.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास सांगतो, की जी बाळं लवकर उभी राहिली, चालली, ती चौदाव्या वर्षी सरासरीनं थोड्या जास्त खेळांत भाग घेत होती. पण भाग घेणं वेगळं आणि त्यात गती असणं वेगळं. शिवाय हा फरक हजारोंच्या गर्दीत दिसतो. तुमच्या दिवाणखान्यातल्या एका बाळाबद्दल तो काहीही सांगत नाही.

मग एक बाळ दहाव्या महिन्यात आणि दुसरं पंधराव्यात, असं का? थोडा भाग रक्तातला. २०२५ साली सत्तर हजारांहून जास्त बाळांच्या जनुकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याच्या वयातला जवळपास चौथा हिस्सा फरक त्यांनी पाहिलेल्या जनुकीय भेदांशी जोडता येतो, असं त्यात दिसलं. उरलेल्यात बाळाचं वजन येतं, अंगावरचे कपडे येतात, दिवसभरात जमिनीवर किती सोडलं जातं ते येतं आणि घरातली रीत येते. रीत ही फार मोठी गोष्ट आहे. ताजिकिस्तानात 'गहवोरा' नावाच्या पाळण्यात बाळांना तासन्‌तास हातपाय बांधून झोपवतात. ती बाळं इतरांपेक्षा उशिरा चालतात, पण चार-पाच वर्षांची झाली की बाकीच्या मुलांइतकीच धावतात, उड्या मारतात. पॅराग्वेच्या जंगलातल्या आचे लोकांची मुलं दोन वर्षांची होत आली तेव्हा चालू लागायची, कारण जंगलात आया त्यांना खाली ठेवतच नसत. तीच मुलं मोठी होऊन उंच झाडांवर सरसर चढायची.

आणि केनिया? तिथले धावपटू जग जिंकतात, मग तिथली बाळं लवकरच चालत असणार, असं कुणी म्हणेल. गंमत अशी, की हे खरं आहे. पश्चिम केनियातल्या किप्सिगिस आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. किप्सिगिस हे कालेंजिन समाजातले, आणि केनियाचे बहुतेक मोठे धावपटू कालेंजिनच. चार्ल्स सुपर या संशोधकानं १९७०च्या दशकात तिथली बाळं पाहिली. बसणं आणि चालणं अमेरिकी बाळांपेक्षा लवकर येत होतं. पण रांगणं, जे या आया शिकवत नव्हत्या, त्यात ती पुढे नव्हती. जे शिकवलं ते लवकर आलं, एवढाच त्याचा अर्थ. मॅरेथॉनचं पदक दोन हजार मीटर उंचीवरच्या हवेतून, हलक्या पायांतून, वर्षानुवर्षांच्या धावण्यातून आणि धावून पोट भरता येतं या विश्वासातून येतं. बाळपणीच्या मालिशीतून आणि धड्यांतून ते येत असतं, तर आपल्याकडे न्हाऊमाखू घालणाऱ्या बायकांनी घरोघरी ऑलिंपियन उभे केले असते.

नुकतं चालायला लागलेलं मूल एकदा नीट बघा. पाय फाकलेले, हात खांद्यांइतके वर, पोट पुढे. तीन पावलं टाकतं, चौथ्याला डुलतं, बुडावर बसतं. रडत नाही. पालथं होऊन हात टेकतं, ढुंगण वर काढतं आणि पुन्हा उभं. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या प्रयोगशाळेनं हे मोजलं. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. एका तासात! त्यांनीच हेही दाखवलं, की डायपर काढला की मुलं जास्त नीट चालतात, कारण पायांमध्ये तो बोळा नसतो. चालणं असं येतं: पडून, उठून, अनवाणी, मोकळ्या जमिनीवर. त्याला शिकवणी लागत नाही. त्याला जागा लागते आणि 'पडेल, पडेल' म्हणून दर मिनिटाला न उचलणारं माणूस लागतं.

आणि आपण काय देतो? वॉकर. त्यात बाळाचं वजन झोळीवर असतं, पायांवर नसतं. ते चवड्यांनी रेटा देत सुसाट जातं, समोरच्या ट्रेमुळे स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरज पडत नाही आणि पडायची सोय नाही. म्हणजे चालायला शिकताना जे जे करावं लागतं, नेमकं ते सगळं टळतं. वॉकरमधली बाळं लवकर चालत नाहीत, उलट काहींना उशीर होतो. शिवाय हात पोचू नये तिथे तो पोचतो: जिन्याच्या कडेला, गरम चहाच्या कपाकडे, इस्त्रीच्या लोंबत्या वायरीकडे. कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला सर्रास भेट येतो. हे थांबलं पाहिजे. आजोबांच्या काळातला लाकडी तीनचाकी पांगुळगाडा निदान मुलाला स्वतःच्या पायांवर उभं करून ढकलायला लावायचा. तोही आजच्या गुळगुळीत टाइल्सवर पुढे निसटतो, म्हणून जवळ थांबा.

खेळाडू निवडणारे लोक तरी हे पहिलं पाऊल विचारतात का? राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची, वजन, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, छोटी धाव, आठशे मीटर हे सगळं बघतात. पहिलं पाऊल कितव्या महिन्यात, असा रकाना तिथे नाही. आठ वर्षांचं मूल समोर उडी मारून दाखवत असताना त्याच्या दहाव्या महिन्याची चौकशी कोण करेल?

धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी लहानपणी रोज सहा किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर सैन्यात, सियाचीनला नेमणूक. स्पर्धेतलं धावणं सुरू झालं ते त्यानंतर, वयाची विशी गाठल्यावर. त्यानं ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं आणि २०२४च्या जुलैमध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. एका माणसाच्या उदाहरणानं काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मोठ्या संख्येच्या अभ्यासांतूनही तेच पुढे आलं आहे. जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी लहानपणी अनेक खेळ खेळलेले असतात, आपला मुख्य खेळ इतरांपेक्षा उशिरा धरलेला असतो आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही सावकाश असते. लवकर चमकणारे वेगळे आणि शेवटी उरणारे बहुधा वेगळे.

लवकरपणाचा एक फायदा मात्र खेळात खरंच आहे, आणि त्याचा पायांशी संबंध नाही. कॅनडातल्या आइस हॉकीच्या ज्युनियर संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं खूप जास्त असतात, हे १९८५ साली लक्षात आलं. वयोगट १ जानेवारीला ठरतो, त्यामुळे ही मुलं संघातल्या डिसेंबरवाल्यांपेक्षा जवळजवळ वर्षभरानं मोठी असतात. आडदांड दिसतात, निवडली जातात, त्यांना जास्त सराव मिळतो आणि ती खरोखरच पुढे जातात. डिसेंबरचं मूल हुशार असूनही बाकावर बसतं. शाळेच्या संघनिवडीत शिक्षकांनी जन्मतारखेकडे एवढ्यासाठी बघावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणि आता पालकांना. दीड-दोन वर्षांच्या मुलाला 'स्पोर्ट्स क्लास' लावण्यासाठी पैसे मोजू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान तीन तास अंग हलवायला मिळायला हवं आणि त्याला एका वेळी तासाभराहून जास्त खुर्चीत किंवा गाडीत बांधून ठेवू नये. हे तीन तास घर, गच्ची, अंगण, देवळाचा पार यांतून फुकट मिळतात. मिळत नसतील, तर सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या ठरावाइतकाच जोर लावून मुलांसाठी मोकळा कोपरा मागा. खाली मैदान नाही आणि वर खेळाडू हवा, हे जमायचं नाही.

काळजी करायचीच असेल, तर ती योग्य ठिकाणी करा. अठरा महिने पूर्ण झाले आणि बाळ एकटं चालत नाही, किंवा चालतं पण एकच बाजू वापरतं, कायम चवड्यांवरच चालतं, येत असलेली गोष्ट विसरत चाललं आहे, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. तेव्हा 'त्याचे बाबाही उशिराच चालले होते' म्हणून थांबू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय जन्मतारखेपासून मोजू नका, बाळंतपणाची दिलेली तारीख धरून मोजा. कमरेचा सांधा निखळलेला असणं, मुडदूस, स्नायूंचे आजार, मेंदूच्या वाढीतली अडचण ही कारणं लवकर कळली तर पुष्कळ काही करता येतं. तुमच्या अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हे बघतं, आणि तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. ही तपासणी मोफत आहे.