गणपतीत पोर कुणाकडे?

चतुर्थी आठ दिवसांवर आली की मुंबईहून कोकणात येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांत अंजनवेलसारख्या गावात एखाद्या घराची कडी आतून लागते. लेक भांडून पोराला घेऊन माहेरी आलेली असते, नवरा मुंबईत. तो सणाला येईल आणि पोर उचलून नेईल, ही धास्ती. खाडीपलीकडे सासरच्या मखरासमोर म्हातारी आजी नातवाची वाट बघत बसते. पोराला कुणीच विचारत नाही.

मग मामा, काका आणि वाडीतली चार जाणती माणसं बसतात. ‘गणपती तिकडे, बाकी इकडे,’ असं तोंडी ठरतं. पुढच्या वर्षी पोटगी थकते, पोर धाडलं जात नाही, आणि ठरवणारे चौघे हात झटकतात. मला या चौघांचा राग आहे. समेट जरूर घडवा, पण तो कागदावर आणून न्यायाधीशासमोर ठेवला नाही, तर तुम्ही पोराचं भांडण फक्त वर्षभर पुढे ढकललंत.

गावात आणखी एक गोष्ट ठासून सांगितली जाते: पाच वर्षं भरली की पोर बापाचं. हे खोटं आहे. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. पुढे बापाचा हक्क आपोआप उगवत नाही. तिथे मुलाचं हित पाहिलं जातं, आणि तेच सर्वांत वरचं. विदर्भातल्या जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात बाप हयात होता, पण वर्षानुवर्षं वेगळा राहत होता, मुलीकडे बघतही नव्हता. सगळा कारभार आई पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली तिलाच पालक मानलं. बाप जिवंत आहे एवढ्यावर पालकत्व टिकत नाही, हे तेव्हाच ठरलं. हीच गोष्ट 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्याच्या निकालात पुन्हा आली.

आणि कोर्ट कुठलं? 1890 चा पालक व पाल्य कायदा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांना लागतो, आणि त्याखालचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करायचा असतो. पोर अंजनवेलच्या शाळेत जात असेल, तर हा अर्ज रत्नागिरी जिल्ह्यात. घटस्फोटाचा दावा मुंबईत चालू असेल तर तिथलं न्यायालयही मुलाबद्दल हुकूम देऊ शकतं, म्हणून आलेली नोटीस पिशवीत कोंबून ठेवू नका. मारहाण असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून मुलाचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, म्हणून किती बायका गप्प बसतात! 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बापाचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर त्यालाही मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, नाहीतर 15100 वर फोन लावा. फोन फुकट आहे.

वकील मिळाला की त्याला नेमकं काय मागायचं ते सांगा. ‘दर शनिवारी दोन तास भेट’ हा हुकूम दादर-ठाण्याला ठीक. अंजनवेलच्या पोराला त्याचा काय उपयोग? गणपती कुणाकडे, शिमगा कुणाकडे, मे महिन्यातले कुठले दिवस, पोराला नेणार-आणणार कोण, सगळं तारखांनिशी लिहून घ्या. बाप बोटीवर असेल तर व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ लिहा. लांब राहणाऱ्या आईबापाला असा कॉल मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. आणि हेही लक्षात ठेवा: पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, भेट अडली म्हणून पोटगी थांबवता येत नाही.

यंदाचा गणपती कुणाकडे, हे आषाढातच कागदावर आणा. चतुर्थीच्या तोंडावर दार लावून पोराला आत कोंडू नका.