वाटेवरच तर आहे!

आमच्या फ्रीमाँटमध्ये डिसेंबरात पुण्याला जायचं ठरवणं सोपं. ते थांबेकाकांपासून लपवणं अवघड. थांबेकाका हे अर्थातच लोकांनी पाडलेलं नाव. तुमच्याही ओळखीत असे एक काका असणारच, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. मंडळाच्या गणपतीत हातावर प्रसाद पडायच्या आत यांचा प्रश्न येतो, ‘‘कुठून जाताय?’’ कधी जाताय, किती दिवस, घरी सगळे बरे ना, यात त्यांना रस नाही. तुम्ही बेसावधपणे म्हणता, ‘‘काका, एका ठिकाणी विमान बदलायचं, दोन तासांत पुढचं.’’ काकांचा चेहरा पडतो. ‘‘दोन तास? अरे, मग टोकियो बघणार कधी? वाटेवरच तर आहे!’’

यात काकांपेक्षा भूगोलाचा दोष जास्त. सॅन फ्रान्सिस्को आणि पुणं यांच्यात जवळजवळ अर्धी पृथ्वी आहे. घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून निघा नाहीतर पश्चिमेकडे, पोहोचायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. न्यू जर्सीचा मराठी माणूस निमूटपणे युरोप किंवा आखात धरतो. आम्हाला एका अंगाला टोकियो, सोल, तैपेई, हाँगकाँग, सिंगापूर आणि दुसऱ्या अंगाला इस्तंबूल, दुबई, दोहा. बहुतेकांना यातलं एक निवडायचं म्हणजे डोकेदुखी. काकांना यातलं एकही सोडवत नाही.

त्यांचा अभ्यास मात्र पक्का. मुक्काम चोवीस तासांच्या आत असेल तर विमान कंपनी त्याला कनेक्शन धरते, त्याच्या पलीकडे गेला की स्टॉपओव्हर, आणि मग भाडं वाढू शकतं. म्हणून काकांचा मुक्काम शक्यतो तेवीस तास चाळीस मिनिटांचा. इस्तंबूलला सहा ते चोवीस तासांचं कनेक्शन असेल तर तिथली विमान कंपनी फुकट शहर दाखवते. सिंगापूरच्या विमानतळावर साडेपाच तास हातात असले की फुकट सहल. ‘फुकट’ म्हणताना काकांचा आवाज भरून येतो. एका तिकिटात दोन देश! एकदा कोणीतरी कंटाळून म्हणालं, ‘‘काका, मला फक्त कोथरूडला जायचंय.’’ काका म्हणाले, ‘‘जा ना. तैपेईवरून जा.’’

हा रोग विमानापुरता नाही. भाच्याच्या लग्नाला पुण्याहून कोल्हापूरला निघाले, ते पंढरपूर करून. अक्षता पडून गेल्या, पंगतीतला मसालेभातही संपला, तेव्हा काका हजर. ‘‘विठोबा वाटेवरच तर होता.’’ नकाशा काढून दाखवावा, तर काका नकाशा फिरवून धरतात.

या सगळ्याची किंमत काकू मोजतात. एका वर्षी काका सोमवारी रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि सतरा तास उडून बुधवारी सकाळी सिंगापूरला उतरले. मधे तारीखरेषा ओलांडल्यामुळे मंगळवार पॅसिफिकमध्ये बुडाला. आणि तो नेमका अंगारकीचा मंगळवार! चंद्रोदय कुठल्या गावचा धरायचा, या विवंचनेत काकू पस्तीस हजार फुटांवर साबुदाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खिडकीत चंद्र होता की नव्हता, यावर दोघांचं अजून एकमत नाही. ‘‘उपास तरी वाटेवरच सुटला ना?’’ असं काका म्हणाले. त्यानंतर मुंबईपर्यंत बोलणं बंद होतं.

टोकियोची तऱ्हा निराळी. काका अमेरिकेचे नागरिक, त्यांना जपानात शिरायला व्हिसा लागत नाही. काकूंनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, त्यांना लागतो, आणि तो काढायचं काका विसरले. मग काकू विमानतळावर कॅबिन बॅगा सांभाळत बसल्या आणि काका रेल्वेने दहाएक मिनिटांवरच्या नारिता गावात गेले. तिथलं देऊळ इसवी सन 940 मधलं. दैवत फुदो म्योओ, म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला अचल. तिथे रोज होम होतो आणि त्याला ते ‘गोमा’ म्हणतात. काका परत आले ते अंगाला धुराचा वास घेऊन. ‘‘तुझ्या वाटचाही नमस्कार केला,’’ म्हणाले. काकूंनी फक्त बॅगा पुढे सरकवल्या.

पुढच्या खेपेला सिंगापूर निवडलं, कारण ग्रीन कार्ड जवळ असलेल्या भारतीय प्रवाशाला तिथे वाटेत 96 तास व्हिसाशिवाय उतरू देतात. चांगी विमानतळावरच्या ज्युएलमधला छतातून कोसळणारा चाळीस मीटरचा धबधबा काकूंना दाखवायचाच होता. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तेव्हा रांग आलीच. काकूंनी मान वर करून धबधबा नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘आपला माळशेज काय वाईट आहे?’’

‘‘माळशेज कुठे वाटेवर आहे?’’ काका म्हणाले.

पूर्वी हे असे नव्हते, हे काकूच सांगतात. आई होती तोवर काका सगळ्यात कमी तासांचं तिकीट शोधायचे. पाऊण तासाचं कनेक्शन पकडायला धावायचे. आता नारायण पेठेतल्या वाड्याच्या जागी इमारत उभी आहे आणि तिच्यात काकांचं काहीच नाही. पुण्यात ते हॉटेलात उतरतात. सिंगापूरला दोन रात्री, पुण्याला चार.

आणि तरीही काकांची एक गोष्ट सांगावी लागते. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका मुलाला रात्री दोनला नागपूरहून फोन आला, वडील आयसीयूत. त्याने घाबरून काकांना उठवलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा कुठवर आहे?’’ संपला होता. ‘‘मग युरोप नको. तिथले काही विमानतळ नुसतं विमान बदलायलाही व्हिसा मागतात. मुंबईचाही नाद सोड. इथून दोह्याला थेट विमान आहे आणि दोह्याहून थेट नागपूरला.’’ वीस मिनिटांत तिकीट निघालं. विमानतळावर सोडायला काका स्वतः गेले, स्वेटरवर स्वेटर चढवून. जाताना त्याला बजावलं, ‘‘दोह्याला मोठ्ठं पिवळं अस्वल दिसेल. लोक फोटो काढत असतील. तू थांबू नकोस. कुठेही थांबू नकोस.’’

वडील शुद्धीवर असताना मुलगा पोहोचला.

तेव्हा यंदा देशात जायचं असेल तर तिकीट हातात पडेपर्यंत थांबेकाकांना कळू देऊ नका, नाहीतर सोलमार्गे पोहोचाल. पण त्यांचा नंबर फोनमधून काढून टाकू नका.